ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर ट्रोपोनिन वाढलेलं दिसलं तर: बेळगाव भागातल्या घरच्या माणसांसाठी

रात्री अकराच्या सुमारास नर्सबाईंनी हातात एक चिठ्ठी ठेवली. 'ट्रोपोनिन आय १४८', आणि पुढं जाड अक्षरात 'हाय'. आप्पांची अँजिओप्लास्टी दुपारी व्यवस्थित झाली होती, ते आत गाढ झोपले होते. सोबतीला भाचा होता. त्यानं मोबाईलमध्ये महिन्यापूर्वीचा खानापूरच्या लॅबचा रिपोर्ट शोधून काढला. त्यात आकडा होता ०.०२. मग कॅल्क्युलेटर उघडून भागाकार केला आणि स्क्रीन माझ्यापुढं धरली. "मामा, सात हजार चारशे पट वाढलंय."

पुढचा अर्धा तास मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. पुण्याच्या अक्काला झोपेतून उठवलं, नंदगडहून चुलत्यांना गाडी काढायला लावली, आणि कॉरिडॉरमध्ये एका वॉर्डबॉयला उगाच बोललो. शेवटी रात्रपाळीची डॉक्टर मुलगी आली. तिनं चिठ्ठी उलटी केली, मागं पेनानं दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाली, "दादा, ते ०.०२ आधी हजारानं गुणा. आणि गुणूनही उपयोग नाही, कारण ते तपासणीचं वेगळं किट आहे. फाईलमध्ये आजचाच सकाळचा रिपोर्ट आहे, तो बघा." तो होता १२.

भागाकार बरोबर होता, पण भागायला घेतलेला आकडाच चुकीचा होता. तुमच्यावर ती रात्र येऊ नये म्हणून हे क्रमवार लिहितोय. मी डॉक्टर नाही, खानापुरात स्टेशनरीचं दुकान चालवतो. इथलं सगळं आधी तारीख ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीबद्दल आहे. अ‍ॅटॅक आल्यावर तातडीनं केली असेल तर ट्रोपोनिन आधीच वर गेलेलं असतं, तिथं हा हिशोब तसाच लावू नका.

१. ट्रोपोनिन कशाला मोजतात

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. तपासणीत त्याचे दोन प्रकार येतात, 'टी' आणि 'आय'. स्नायूच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं. म्हणून छातीत दुखत आलेल्या माणसाचं पहिलं रक्त याच्यासाठी काढतात.

मग अँजिओप्लास्टीत इजा कशी होते? तो तर उपचार, अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत फुगा फुगवून ती मोकळी करायची आणि तिथं स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवायची. तर फुगा फुगवला की तेवढे सेकंद ती रक्तवाहिनी पूर्ण बंद असते. स्टेंट बसवताना भिंतीवरच्या चरबीचे बारीक कण सुटून पुढच्या केसासारख्या वाहिन्यांत अडकू शकतात. मुख्य वाहिनीला फुटलेली एखादी छोटी फांदी स्टेंटखाली दबू शकते. कधी वाहिनीच्या आतल्या थराला चीर जाते. आमच्या घरी जुनी जीआयची पाईप बदलताना प्लंबरनं दोन हातोड्या मारल्या आणि मोरीतल्या नळाला दिवसभर तांबडं पाणी आलं. पाईप दुरुस्त झाली होती, पण सुटलेला गंज जाणार कुठं? पुढंच.

१९७७ साली झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी माणसावर पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. आजची सामग्री तेव्हापेक्षा कितीतरी नाजूक आहे, पण फुगा फुगवला की वाहिनी बंद होते हे काही बदललेलं नाही. उलट आताच्या उच्च-संवेदनशील तपासण्या इतक्या तल्लख आहेत की पूर्वी दिसलीच नसती अशी इजाही त्या पकडतात. त्यामुळं सगळं सुरळीत झालेल्या पेशंटचंही ट्रोपोनिन थोडं वर गेलेलं दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे. 'हाय' हा शब्द मशीन छापतं, मर्यादेच्या वर एक घर गेलं तरी आणि शंभर घरं गेलं तरी.

२. घरातून निघताना काय घ्यायचं

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, मूळ प्रत आणि झेरॉक्स
- आयुष्मान कार्ड किंवा विम्याचं कार्ड
- योजनेतून करायचं असेल तर सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र
- अँजिओग्राफीची (रंगद्रव्य सोडून काढलेली रक्तवाहिन्यांची फिल्म) सीडी आणि रिपोर्ट, आधीचे सगळे ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी)
- क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट
- चालू गोळ्यांची यादी. नावं येत नसतील तर पाकिटंच पिशवीत टाका
- वही आणि पेन

योजनेचं थोडक्यात सांगतो. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या दराच्या ३० टक्के मिळतात, वर्षाला दीड लाखाच्या आत. ठरवून केलेल्या उपचाराला रेफरल लागतं, म्हणून आधी सिव्हिलची पायरी चढावी लागते, आणि त्यात एखादा दिवस जातो हे धरून चला. शिवाय महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. आपलं गाव यादीत आहे का आणि तुम्ही जाणार ते हॉस्पिटल त्यात बसतं का, हे भरती व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. काउंटरवर पैसे भरल्यावर विचारलं तर फक्त सहानुभूती मिळते.

३. फुगा फुगवण्याआधीचं रक्त: हे सोडू नका

लेखातली एकच पायरी पाळायची असेल तर ही पाळा.

प्रक्रियेच्या आधी ट्रोपोनिन काढलेलं नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावताना मोठे डॉक्टरही अडखळतात. १४८ हा आकडा १२ वरून आला असेल तर एक गोष्ट, १४० वरून आला असेल तर अगदीच दुसरी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचं, हृदय अशक्त असलेल्यांचं ट्रोपोनिन बारा महिने थोडं चढलेलंच असतं. त्यांच्या बाबतीत आधीचा आकडा नसेल तर नंतरचा आकडा मुका.

सगळीकडे हे रक्त आपोआप काढत नाहीत. काही डॉक्टर पेशंटला त्रास झाला तरच ट्रोपोनिन करतात, आणि तसं करण्यात चूक आहे असंही नाही. पण नंतर करणार असतील तर आधीही झालेलं असावं. भरतीच्या दिवशी सरळ विचारा: "डॉक्टर, प्रोसिजरनंतर ट्रोपोनिन करणार आहात का? मग आधीचं आज इथंच होईल ना?" 'इथंच' या शब्दावर जोर द्या. आपल्या भागात हाच घोळ होतो. निपाणीकर कोल्हापूरला जातात, अथणीकर मिरजेला, आम्ही खानापूरवाले बेळगावला. अँजिओग्राफी एका गावात, रक्त दुसऱ्या लॅबमध्ये, अँजिओप्लास्टी तिसरीकडे. प्रत्येक ठिकाणचं किट वेगळं, आणि दोन किटांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

४. नंतरचं रक्त किती वाजता

युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या गटानं २०२१ मध्ये सुचवलेली पद्धत अशी: एक आधी, एक प्रक्रियेनंतर ३ ते ६ तासांनी, आणि आकडा अजून चढतोय असं वाटलं तर १२ ते २४ तासांनी आणखी एक. प्रक्रियेशी संबंधित हार्ट अ‍ॅटॅक ठरवायला पहिले ४८ तास धरतात.

तुमचं काम वहीत वेळ लिहिण्याचं. पेशंट कॅथलॅबमधून (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) बाहेर आला तेव्हा किती वाजले, रक्त किती वाजता काढलं. रिपोर्टवर छापलेली वेळ बऱ्याचदा नमुना लॅबमध्ये पोचल्याची किंवा रिपोर्ट निघाल्याची असते. आमच्या चिठ्ठीवर १०.४० होतं, रक्त काढलं होतं साडेआठला.

आणखी एक. ट्रोपोनिन चढतं लवकर आणि उतरतं सावकाश. वाढलेलं असेल तर आठवडा-दहा दिवसही रक्तात दिसू शकतं. घरी गेल्यावर चौथ्या दिवशी 'खात्री म्हणून' गावातल्या लॅबमध्ये स्वतःच्या मनानं करू नका. पुन्हा 'हाय' येईल आणि पुन्हा चुलत्यांना गाडी काढावी लागेल.

५. चिठ्ठी वाचायची कशी

आधी एकक बघा. जुन्या पद्धतीच्या तपासण्या नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरमध्ये आकडा देतात, म्हणून तो ०.०२, ०.०४ असा दशांशात दिसतो. उच्च-संवेदनशील तपासणी नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये देते. पिकोग्रॅम प्रति मिलीलिटर लिहिलं असेल तर तेही तेच. मिलीलिटरवाल्या आकड्याला हजारानं गुणलं की लिटरवाला येतो: ०.०२ म्हणजे २०. भाच्याचे ७४०० इथं फुस्स होतात.

मग शेजारच्या रकान्यातली मर्यादा बघा. ही मर्यादा निरोगी माणसांच्या तपासणीवरून ठरवतात; शंभरातल्या ९९ निरोगी माणसांचा आकडा तिच्या आत असतो. ती प्रत्येक किटची वेगळी. ट्रोपोनिन टीच्या उच्च-संवेदनशील तपासणीत ती १४ आहे. ट्रोपोनिन आयच्या एका प्रचलित किटमध्ये बायकांना १६ आणि पुरुषांना ३४. तेव्हा आत्याचा आकडा आणि मामाचा आकडा शेजारी ठेवून 'तिचा कमीच होता की' असं बोलू नका.

आता आप्पांचा हिशोब. मर्यादा ३४. आधी १२, म्हणजे सुरुवात मर्यादेच्या आतली. सहा तासांनी १४८. ३४ ची पाचपट १७०. म्हणजे १४८ मर्यादेच्या वर, पण पाचपटीच्या खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी १३१, उतरणीला लागलेलं. पट काढायची ती मर्यादेची, आधीच्या आकड्याची नव्हे. हे मला त्या रात्री कोणी सांगितलं असतं तर अक्का झोपली असती.

६. पाचपट म्हणजे काय, आणि त्यावर भांडण का

हार्ट अ‍ॅटॅकची जागतिक व्याख्या आहे, तिची चौथी आवृत्ती २०१८ ची. तिच्यात अँजिओप्लास्टीमुळं आलेल्या अ‍ॅटॅकला 'प्रकार ४ए' असं नाव आहे. त्यासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात. एक, आधीचं ट्रोपोनिन मर्यादेत असताना नंतरचं मर्यादेच्या पाचपटीच्या वर जाणं. दोन, त्याला दुजोरा देणारा पुरावा: ईसीजीत नवा बदल, इको किंवा एमआरआयमध्ये स्नायूचा नवा भाग निकामी झालेला दिसणं, किंवा अँजिओच्या फिल्ममध्ये प्रवाह अडवणारी गुंतागुंत. आधीचंच चढलेलं पण स्थिर किंवा उतरतं असेल तर नंतरची वाढ २० टक्क्यांहून जास्त हवी आणि आकडाही पाचपटीच्या वर हवा. पुरावा नाही, नुसताच आकडा मर्यादा ओलांडून चढला, तर त्याला 'प्रक्रियेमुळं झालेली स्नायूची इजा' म्हणतात. अ‍ॅटॅक म्हणत नाहीत.

आणि इथंच तज्ज्ञांची गाडी दोन रुळांवर जाते. अमेरिकेतल्या एका संघटनेनं २०१४ मध्ये नुसत्या आकड्यावर निदान करायचं तर ट्रोपोनिन सत्तरपट हवं असं मांडलं; ईसीजीत ठळक नवा बदल असेल तर पस्तीसपट. उलट २०२१ च्या युरोपीय गटाचं म्हणणं, पाचपटीच्या वर गेलं तर पुरावा असो-नसो, ती मोठी इजा समजून पेशंटवर जास्त लक्ष ठेवा. पाच कुठं आणि सत्तर कुठं! त्यामुळं एकाच कागदावर बेळगावचे डॉक्टर 'किरकोळ' म्हणतील आणि हुबळीचे 'जरा लक्ष ठेवूया' म्हणतील. दोघांपैकी एक फसवतोय असं समजू नका. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न 'अ‍ॅटॅक आला का' हा नव्हे, तर हा: "पाचपटीच्या वर आहे का, आणि ईसीजी, इको, फिल्ममध्ये काही दिसतंय का?" मला तरी या प्रश्नाला कुठल्या डॉक्टरांनी टोलवलेलं नाही.

बायपास केलेल्यांसाठी पट वेगळी आहे, दहापट. शिवाय पुरावाही लागतोच. छाती उघडून केलेल्या कामात इजा जास्त होणारच.

७. आकड्यापेक्षा आधी माणूस बघा

स्टेंट बसल्यावर काहींना छातीत हलकं ताणल्यासारखं वाटतं. वाहिनीची भिंत ताणली जाते म्हणून, आणि ते हळूहळू ओसरतं. पण ते ताणाचं आहे की दुसऱ्या कशाचं, हे ठरवणं तुमचं काम नाही. आपल्याकडची माणसं "पित्त झालंय, सोडा आण" म्हणतात. आप्पांनी तेच केलं. दुखतंय हे नर्सला सांगायचं सोडून माझ्याकडं कोकमचं सरबत मागितलं. मी घंटा दाबली, लगेच ईसीजी काढला, आधीच्या ईसीजीशी ताडला, बदल नव्हता. घंटा दाबायला पैसे पडत नाहीत.

दुखणं वाढत असेल, घाम सुटला असेल, दम लागत असेल, बीपी पडत असेल, तर ट्रोपोनिनची वाट कोणी बघत बसत नाही. पेशंटला परत कॅथलॅबमध्ये न्यावं लागू शकतं.

रात्रपाळीला मराठी न येणारी नर्स असू शकते आणि आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांना कन्नड येत नाही. दोन वाक्यं त्यांना पाठ करून द्या. 'एदे नोवु' म्हणजे छातीत दुखतंय. 'डॉक्टरन्न करीरी' म्हणजे डॉक्टरांना बोलवा. शेजारच्या खाटेवरच्या आजींना मी ही शिकवली. त्यांनी पहाटे ती वापरली, आणि निघालं काय तर हाताला बांधलेला पट्टा घट्ट झाला होता. तेही सांगण्यासारखंच.

८. आकडा फसवतो अशा जागा

केसांसाठी-नखांसाठी बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या घेणारे वाढलेत. काही किटांत त्यामुळं ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. गोळ्यांच्या यादीत त्या लिहा, 'ते काय औषध नव्हे' म्हणून गाळू नका.

सीके-एमबी ही हृदयाच्या इजेची जुनी तपासणी अजून काही ठिकाणी करतात. ती लवकर उतरते, दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते. पण हातापायाच्या स्नायूंना मार लागला तरी वाढू शकते. तिचा आकडा आणि ट्रोपोनिनचा आकडा एका ओळीत लिहून तुलना करू नका.

रक्त काढताना पेशी फुटल्या असतील तर लॅब नमुना पुन्हा मागते. पुन्हा टोचायला आले म्हणून रागावू नका. आम्ही रागावलो होतो.

९. डिस्चार्जच्या दिवशी

बिलाच्या रांगेत उभं राहायच्या आधी हे हातात घ्या: ट्रोपोनिनचे सगळे रिपोर्ट, आधीचा धरून, प्रक्रियेआधीचा आणि नंतरचा ईसीजी, अँजिओप्लास्टीची सीडी, स्टेंटचं स्टिकर किंवा कार्ड. आम्हाला आधीचा १२ वाला कागद दिलाच नव्हता, तो हॉस्पिटलच्या फाईलमध्ये राहिला होता. मागितल्यावर पाच मिनिटांत झेरॉक्स मिळाली. योजनेतल्या पेशंटचे मूळ कागद मंजुरीसाठी ठेवून घेतात, तेव्हा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

ट्रोपोनिन पाचपटीच्या वर गेलं असेल तर पुन्हा इको कधी करायचा ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेली तारीख पिरनवाडी येईपर्यंत विसरली जाते.

रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची, ठरवून घातलेल्या स्टेंटनंतर साधारण सहा महिने चालतात. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर कमी-जास्त करतात. दात काढायचा म्हणून दाताच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्या तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. या गोळ्या मनानं सोडल्या तर स्टेंटमध्येच गाठ होऊ शकते, आणि तो खरा अ‍ॅटॅक असतो.

घरी छातीत दुखलं तर १०८. कर्नाटकातही तोच नंबर, चंदगड-गडहिंग्लजकडंही तोच.

आप्पांच्या फाईलच्या पहिल्या पानावर आता अक्कानं जाड पेनानं लिहून ठेवलंय: 'ट्रोपोनिन आय, मर्यादा ३४, नॅनोग्रॅम प्रति लिटर. आधी १२. सहा तासांनी १४८. सकाळी १३१. ईसीजी बदल नाही.' खाली तारीख, लॅबचं नाव, आणि त्याच्याखाली भाच्यासाठी एक ओळ: 'भागाकार करू नये.'